रस्त्याच्या कडेचे गवत

बाजाराला जाताना किंवा लेकीला सासरी पोचवायला जाताना तुम्ही एस.टी.च्या खिडकीतून बाहेर बघत असता. नजर जाते ती दूरच्या ज्वारीकडे, कुणाच्या विहिरीकडे, कुणाच्या नव्या घराकडे. पुढच्या खेपेला ही नजर जरा खाली आणा, एवढी माझी विनंती आहे. डांबर संपते आणि माती सुरू होते, तिथली चार हातांची पट्टी बघा. तिथे काय उगवले आहे ते ओळखा. मग आणखी पन्नास पावले आत, माळावर काय उगवले आहे तेही बघा. दोन्हीकडची झाडोऱ्याची जात वेगळी दिसेल. असे का होते, याचा विचार मी नोकरीची पहिली दहा वर्षे केलाच नाही. त्याची किंमत एका गावाने मोजली. ती हकिगत सांगायला आज बसलो आहे.

मी रस्त्याचा वैरी नाही, हे आधीच सांगून टाकतो. १९७२ च्या दुष्काळात मी दीड-दोन वर्षांचा होतो. बाभळीला बांधलेल्या झोळीत मला टाकून आमच्या आईने दुष्काळी कामावर खडी फोडली. त्या मजुरीवर आणि सुकडीवर आमचे घर तगले. पुढे त्याच रस्त्याने एस.टी. आली, मी तालुक्याच्या शाळेत गेलो, राहुरीला कृषी विद्यापीठात जाऊन बी.एस्सी. झालो आणि पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून लागलो. म्हातारपणी आई एस.टी.त बसली की शेजारच्या बाईला हटकून सांगायची, "हा रस्ता माझ्या हातचा हाय." तेव्हा रस्त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण उपकार करणाऱ्याचेही गुणदोष माहीत असावेत.

सोलापूरहून बार्शीकडे निघालात की वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज लागते. या गावाचे नाव दोन कारणांनी झाले. एक कारण द्राक्षे. 'सोनाका' हे बिनबियांच्या द्राक्षाचे वाण इथलेच. सोलापूर, नान्नज आणि काळे या तीन शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून ते नाव पडले. दुसरे कारण माळढोक पक्षी. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतला मोठा मुलूख अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तो सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचा होता. पुढे तो पुष्कळ कमी करून बाराशे चौरस किलोमीटरांच्या आसपास आणला गेला.

परका माणूस हा माळ बघून म्हणतो, "इथे काय आहे? नुसते पडीक." पण साग-ऐनाची रानं आपल्या वाट्याला आलेली नाहीत. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरांच्या आगेमागे पाऊस, वीतभर माती आणि खाली मुरूम, अशा मुलखाचे जंगल म्हणजे हा गवताळ माळच. त्यात पवन्या आहे, मारवेल आहे, डोंगरी आहे, कुसळी आहे. या गवतावर काळवीट जगते आणि तुमची गाय, शेळी, मेंढीही जगते. या गवताची मुळे ती वीतभर माती धरून ठेवतात, म्हणून खालच्या विहिरींना पाणी राहते. तेव्हा 'जंगलातला रस्ता' म्हटले की सोलापूरकराने डोळ्यांसमोर माळावरची चाकोरी आणायची.

आता माझी गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही. चूक माझी, त्यांचे नाव कशाला घेऊ?

उत्तर सोलापूर तालुक्यातले ते गाव. गावाला लागून गायरान, गायरानाला लागून वनखात्याचा माळ आणि त्यापलीकडे तीस-चाळीस घरांची शेती. पावसाळ्यात तिकडे बैलगाडी जायची नाही. २००३ साल दुष्काळाचे. हाताला काम हवे होते, म्हणून गायरानातून दीड किलोमीटरचा मुरमाचा रस्ता रोजगार हमीवर धरला. रस्त्याचे काम माझ्या खात्याचे नव्हे. पण ग्रामसभेत प्रश्न निघाला की मुरूम कुठला आणायचा, आणि सल्ला माझा विचारला गेला. एक मुरूम होता गावामागच्या टेकडीचा. तो खणून काढायला हवा होता. दुसरा होता डांबरी सडकेच्या कडेला, जुन्या खाणीत आयता पडलेला. मी म्हणालो, "सडकेचाच घ्या. वाहतूक सोपी, काम लवकर उरकेल."

सभेच्या कडेला घोंगडी पांघरून एक म्हातारे धनगर बसले होते. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. ते उठले आणि म्हणाले, "सायेब, त्या खाणीवर चटकचांदणी माजलीया. मुरमासंगं तिचं बी येतंय. थोडा येळ लागू द्या, पर टेकडीचा आणा."

चटकचांदणी म्हणजे आपले गाजर गवत. काही जण त्याला काँग्रेस गवत म्हणतात. मी हसलो. म्हणालो, "आबा, मुरमात कसलं आलंय बी? आणि असलं तरी या उन्हात भाजून गेलं असेल." सभेतले चार जण हसले. आबा गप्प खाली बसले. ते हसू मला अजून आठवते.

रस्ता झाला. पहिल्या पावसात लोकांनी नारळ फोडला. दुसऱ्या पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवीगार पट्टी दिसू लागली. लांबून बघणाऱ्याला वाटावे, काय छान हिरवळ आली! जवळ जाऊन बघितले तर गाजराच्या पाल्यासारखी पाने आणि वर पांढरी बारीक फुले. चौथ्या वर्षी ते गायरानात शंभर-दीडशे पावले आत शिरले होते. आबांच्या सुनेचे हात कोपरापर्यंत खाजून लाल झाले. रात्र-रात्र बाईला झोप नाही. मेंढरे त्याला तोंड लावीनात. जिथे पवन्या गुडघ्याला लागायचा, तिथे मेंढराला चघळायला काडी नव्हती. आबांना कळप घेऊन दोन कोस लांब जावे लागू लागले आणि एका उन्हाळ्यात त्यांनी निम्मी मेंढरे विकली.

मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा वाटले होते, म्हातारा चार शब्द सुनावणार. तसे काही झाले नाही. त्यांनी मला रस्त्यावर नेले आणि म्हणाले, "सायेब, हितं गवताच्या जाती मोजा." मी मोजल्या. गाजर गवत सोडले तर एकच, तीही खुरटलेली कुसळी. मग त्यांनी मला वनखात्याच्या माळात आत, चाकोरीपासून लांब नेले. "आता मोजा." तिथे पंधरा पावलांत सात निघाल्या. परत येताना आबा म्हणाले, "रस्ता झाला ते बरं झालं. नातवाला रातच्याला दवाखान्यात न्हेता आलं, पोरगं वाचलं. पर ही गवतं गेली, ती कुणाला सांगू?"

त्या रात्री मला झोप आली नाही. बी.एस्सी.ला तणांवरचा धडा मी पाठ केला होता, परीक्षेत गुणही चांगले पडले होते. पण रस्ता म्हणजे काय, हे मला शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाने शिकवले. त्यानंतर मी जिथे जाईन तिथे रस्त्याच्या कडा बघू लागलो. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट पाण्याची. समजा, डांबरी रस्ता सहा मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब आहे. त्यावर इंचभर, म्हणजे पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला, तर दीड लाख लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचे पंधरा टँकर! डांबरात ते फारसे मुरत नाही. जवळजवळ सगळे दोन्ही कडांना उतरते. म्हणजे कडेच्या पट्टीला माळापेक्षा कितीतरी जास्त पाणी मिळते. आपली माळाची गवते थोड्या पाण्यात काटकसरीने संसार करणारी. फुकटचे पाणी मिळाले की त्यावर झपाट्याने वाढणारे तण माजते आणि यांना दाबून टाकते. दुसरीकडे, भराव घालून रस्ता उंच केला आणि खाली मोऱ्या ठेवल्या नाहीत, तर वरच्या अंगाला पाणी तुंबून पिके पिवळी पडतात आणि खालच्या अंगाचा माळ तहानेला राहतो. एकाच रस्त्याच्या एका बाजूला दलदल आणि दुसऱ्या बाजूला कोरड, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल.

दुसरी गोष्ट मातीची. बैलगाडीच्या चाकोरीत मधल्या उंचवट्यावर गवत टिकते, चाकाखालच्या पट्ट्यात टिकत नाही. ट्रॅक्टर आणि मालमोटारीचे वजन पडले की वीतभर माती दाबून विटेसारखी होते. मूळ शिरत नाही, पाणी मुरत नाही. आणि चाकोरी उताराच्या दिशेने असेल, तर दोन-तीन पावसाळ्यांत तिचा ओघळ होतो. मग गाडीवाला ओघळ चुकवून शेजारून गाडी घालतो आणि दुसरी चाकोरी पडते. माळावर एकाला लागून एक चार-चार चाकोऱ्या दिसतात, त्या अशाच पडलेल्या असतात. एका रस्त्याच्या जागी चार रस्त्यांचे गवत जाते.

तिसरी गोष्ट धुळीची. मुरमाच्या रस्त्याकडेची तूर, कापूस, डाळिंब बघा; पाने पांढुरकी दिसतात. धूळ पानावर बसली की पानाला ऊन कमी मिळते, श्वास घ्यायची रंध्रे बुजतात. शिवाय धुळकट पानावर लाल कोळी जास्त वाढतो, कारण कोळ्याला खाणारे मित्रकीटक अशा पानावर नीट वावरू शकत नाहीत. म्हणून रस्त्याकडेच्या दोन-चार ओळींत कोळी आधी दिसतो. दोष औषधाला देण्याआधी धुळीकडे बघावे.

चौथी गोष्ट बियाची, आणि तीच सगळ्यांत मोठी. गाजर गवत आपले नव्हे, ते अमेरिका खंडातले. आपल्याकडे त्याची ठळक नोंद झाली ती १९५५ साली, पुण्यात. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले, असे बहुतेक लोक मानतात. पुण्याहून ते देशभर पसरले. त्याला पंख नाहीत, पाय नाहीत. मग पसरले कसे? वारा आणि पाणी आहेच. पण मोठी मजल त्याने मारली ती रस्त्यांनी आणि रुळांनी. एका झाडाला दहा-वीस हजार बिया सहज येतात. बी खसखशीसारखे बारीक. ते चिखलाबरोबर टायरला चिकटते, मुरमात मिसळते, वाळूच्या गाडीतून जाते. ओल मिळाली की वर्षात केव्हाही उगवते आणि महिना-दीड महिन्यात फुलावर येते. मातीत गाडले गेले तर काही वर्षे जिवंत राहते. आबा म्हणत होते तेच खरे होते. उन्हाने वरचे चार दाणे भाजले असतील, खालच्या मुरमातले हजारो जिवंत होते.

हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात हेच गवत अमेरिकेहून आणलेल्या कुरणाच्या बियाण्यातून शिरले आणि तिथल्या गुराखी शेतकऱ्यांची कुरणे त्याने खाल्ली. तिथे गाड्या आणि कापणीयंत्रे धुण्यासाठी जागोजागी खास धक्के बांधले आहेत. बी चाकावर बसून प्रवास करते, हे त्यांनी ओळखले. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे रिचर्ड फोरमन आणि त्यांच्या सोबत्यांनी २००३ साली या विषयावर मोठा ग्रंथच काढला. त्यांच्या सांगण्याचे सार असे, की रस्ता नकाशावर दिसतो तेवढाच नसतो. त्याचा परिणाम दोन्ही बाजूंना लांबवर पसरलेला असतो. पुस्तक मी पुढे वाचले. आबांनी मला ते आधीच पायी फिरवून दाखवले होते.

आता तुम्ही विचाराल, मग त्या गावाचे पुढे काय झाले?

मी ग्रामसभेत उभा राहून चूक कबूल केली. पुरुषमंडळींनी "जाऊ द्या साहेब" म्हटले आणि विषय सोडला. धरून ठेवला तो बायकांनी. बचत गटाच्या पंधरा-सोळा जणी पुढे आल्या, त्यांत आबांची सूनही होती. हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून, तोंडाला पदर घट्ट गुंडाळून, मृगाच्या पावसानंतर रोप वीतभर असताना, फूल येण्याच्या आधी, त्या ओल्या जमिनीतून ते मुळासकट उपटत. एकदा उपटून भागत नाही. वीस-पंचवीस दिवसांनी पुन्हा, मग पुन्हा. असे लागोपाठ तीन पावसाळे केले. पावसाळ्यात मेक्सिकन भुंगेरेही त्या पानांवर दिसत. हा कीटक १९८३-८४ च्या सुमारास मुद्दाम परदेशातून आणून बंगळूरकडे सोडला गेला आणि पुढे इकडेही पसरला. त्याने मदत केली, पण कोरड्या महिन्यांत तो जमिनीत दडून बसतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहता येत नाही.

उपटलेली जागा मोकळी ठेवली तर तण परत येते. म्हणून कडेला तरोट्याचे बी फेकले. तो दाट वाढून गाजर गवताला जागा देत नाही. त्यामागच्या पट्ट्यात आपली गवते लावली. आबांनी दिवाळीनंतर माळाच्या राखलेल्या कोपऱ्यातून पवन्या आणि मारवेलचे पिकलेले तुरे आणून दिले. बायकांनी शेण-मातीत ते बी कालवून गोळ्या केल्या आणि पुढच्या मृगात टाकल्या. ग्रामपंचायतीने तीन ठिकाणी मोऱ्या घालून पाणी पलीकडे काढून दिले. दोन वर्षे तो भाग चराईला बंद ठेवला. हे सगळ्यांत अवघड गेले आणि त्यावरून भांडणेही झाली.

सगळे पूर्ववत झाले असे सांगितले तर ते खोटे होईल. निम्मे गायरान परत आले. रस्त्यालगतच्या पट्टीत दर पावसाळ्याला हात फिरवावाच लागतो. एक वर्ष आळस केला की ते डोके वर काढते. जुन्या चाकोऱ्यांच्या जागी अजून नीट गवत धरत नाही. घालवायला चार वर्षे लागली, आणायला दहा पुरली नाहीत. माळाचा हिशेब असा आहे.

तेव्हा तुमच्या गावात पाणंद रस्ता होत असेल, शेतरस्ता होत असेल, तर तो जरूर करून घ्या. पण चार गोष्टी आधी बघा. मुरूम जिथून येणार ती खाण स्वतः जाऊन बघा. तिथे गाजर गवत असेल तर तो मुरूम नको, थोडा खर्च वाढला तरी चालेल. रस्ता माळातून नेण्याऐवजी बांधाने, जुन्या चाकोरीवरून नेता आला तर तसा न्या, आणि एकदा रस्ता पडला की सगळ्यांनी त्यावरूनच जायचे, शेजारून दुसरी चाकोरी पाडायची नाही. पाणी जिथून पूर्वी जात होते तिथे मोरी ठेवा. आणि कडेचे चांगले गवत 'साफसफाई' म्हणून यंत्राने खरवडू देऊ नका. उघडी माती म्हणजे तणाला आमंत्रण. दाट गवताची कड म्हणजे फुकटचा राखणदार.

घरातल्या बायाबापड्यांना एक सांगणे. गाजर गवत फुलावर आल्यावर उपटून बांधावर टाकू नका, गुरांच्या गोठ्याजवळ आणू नका. फुलाआधी उपटले तर खड्ड्यात टाकून त्याचे चांगले खत होते. फुलानंतर टाकले तर त्याच खतातून बी शेतभर जाते. अंगाला खाज उठत असेल तर त्या माणसाला या कामाला लावू नका आणि डॉक्टरांना दाखवा. आणि मोठ्या सडकेच्या अगदी कडेची तांदुळजा-घोळीची भाजी खुडू नका. गाड्यांचा धूर आणि तेल तिच्यावर बसलेले असते. भाजी शेतातून खुडा.

आबा आता नाहीत. मागच्या पावसाळ्यात मी त्या गावाला गेलो होतो. गायरानाच्या तोंडाशी त्यांचा नातू ट्रॅक्टर घेऊन उभा होता. रात्री दवाखान्यात नेल्यामुळे वाचलेला तोच हा पोरगा. इंजिन चालू ठेवून तो खाली उतरला होता आणि लोखंडी पट्टीने चाकांचा चिखल खरवडत होता. मी विचारले, "काय रे, गाडी बिघडली का?"

"न्हाई वो काका," तो म्हणाला. "सडकेवरनं आलोय. आजा म्हणायचा, माळात शिरताना पाय धुवून शिरायचं."

मी खाली वाकलो आणि दुसऱ्या चाकाचा चिखल काढायला लागलो.